घाण्याची खूण : अलिबागमधलं एक हातानं घडवलेलं लग्न

[दृश्य : हातकागद. बोरूचं तिरकं टोक शाईत बुडतं. पहिलं हिब्रू अक्षर.]

हा केतुबा. ज्यू लग्नाचा करारनामा. भाषा अरामी, लिपी हिब्रू आणि कागद आपल्याकडचा. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून असा कागद तयार होतो.

हातकागद घेताना आधी कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून बघायचा. थेंबाला पाय फुटले, तर कागदाला खळ कमी आहे आणि अक्षरं फुगणार. घरी तांदळाची पेज लावून खळ देतात, पण कोकणातल्या दमट हवेत तिला कसर लागते. चांगली खळ दिलेला जाड कागदच आणावा.

[दृश्य : जवळून. दाभणानं ओढलेली बिनशाईची रेघ.]

या रेघा पेन्सिलीच्या नाहीत. खोडरबरानं हातकागदाचा पृष्ठभाग उसवतो आणि तिथे शाई पसरते. म्हणून बोथट दाभण आणि पट्टी. हिब्रू अक्षरं वरच्या रेघेला टांगून लिहायची असतात, देवनागरी लिहिणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. अडचण बोरूच्या कोनाची आहे. देवनागरीसाठी धरतो तसा पंचेचाळीस अंशांत धरला, तर उभी आणि आडवी रेघ सारख्याच जाडीची उतरते. हिब्रूत आडवी जाड आणि उभी बारीक हवी, म्हणून टोकाची धार जवळजवळ उभी करावी लागते. शिवाय ओळ उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे उजव्या हाताचा तळवा थेट ओल्या अक्षरांवर येतो. तळव्याखालचा तो टीपकागद त्यासाठीच आहे.

कागद सोळा इंच बाय वीस इंच. मजकुराचा चौकोन दहा बाय बारा. खाली साक्षीदारांसाठी मोकळे दोन इंच. हौशी माणसं आधी सुंदर नक्षी रंगवतात, मग मजकूर मावत नाही आणि शेवटच्या चार ओळी मुंग्यांसारख्या होतात. आधी मजकूर, मग नक्षी. ओळ उजवी-डावीकडे नेमकी भरायला हिब्रूत काही अक्षरं लांबवता येतात, शब्द तोडायचा नसतो.

[दृश्य : नक्षीचा रंग. बैल, घाणा, तिळाची फुलं, खाली लाटा, माशांची जोडी.]

लग्नाची थीम इथून सुरू होते. बेने इस्राएल म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्याची परंपरा सांगते, की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे कोकणातल्या गावागावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून नाव पडलं शनवार तेली. किहीमकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर ही आडनावं त्या गावांचीच.

तर पत्रिकेवर घाणा, हुप्प्यावर, म्हणजे लग्नाच्या छतावर, घाणा आणि केतुब्यावरही घाणा. तयार थीमच्या कॅटलॉगमध्ये ऑलिव्हची फांदी मिळते. कोकणात ऑलिव्ह कुठे आहे? इथे तीळ होता. माशांची जोडी मात्र जुनीच. इराककडून भारतात आलेल्या बगदादी ज्यूंच्या केतुब्यांवरही मासे आणि पक्षी दिसतात.

[दृश्य : लेखणी एका अक्षराशी थांबते. अक्षराचा पाय रिकामा.]

एक अक्षर मुद्दाम अपुरं ठेवलंय. 'कनीना' या शब्दातल्या कोफ या हिब्रू अक्षराचा पाय. करार पक्का झाल्याचा हा शब्द, त्यामुळे तो पाय ऐन सह्यांच्या वेळी भरायचा, अशी अनेक ठिकाणची रीत आहे. त्यासाठी तीच शाई आणि तोच बोरू लग्नाच्या ठिकाणी न्यायचा. दुसऱ्या शाईचा पाय आयुष्यभर वेगळा दिसतो.

नावांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. वधू-वरांचं हिब्रू नाव, वडिलांचं हिब्रू नाव, गावाचं नाव. घरी हाक मारायचं नाव वेगळं, आधार कार्डावरचं तिसरंच. हझानकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडून, मजकूर तपासून घेतल्याशिवाय बोरू उचलायचा नाही. साक्षीदार दोन हवेत, वधू-वरांच्या नात्यातले नकोत आणि एकमेकांच्याही नकोत. आळीत सगळेच एकमेकांचे मामेभाऊ असताना असे दोघे शोधणं हे हॉल शोधण्यापेक्षा अवघड काम आहे. ते आधी करावं.

[दृश्य : पत्रिका उलगडते. एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं हिब्रू.]

मराठी डावीकडून आणि हिब्रू उजवीकडून, म्हणून पत्रिका दोन दारांच्या कपाटासारखी उघडते. घाण्याचा ठसा लाकडी ब्लॉकचा आहे. छापखान्यात हिब्रू मजकूर अक्षर म्हणून पाठवला, की पुष्कळदा उलटा छापून येतो. चित्र करूनच पाठवायचा आणि पहिली प्रत हिब्रू वाचणाऱ्यानं पाहायची. ईश्वराचं चार अक्षरी नाव पत्रिकेवर घालत नाहीत. ते लिहिलेला कागद रद्दीत देता येत नाही, जपून ठेवून जमिनीत पुरावा लागतो.

[दृश्य : इस्राएल आळी. मागेन अबोथ सिनेगॉगचा दर्शनी भाग. मग नारळीची वाडी, अंथरलेली साडी.]

अलिबागची इस्राएल आळी आणि तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग. ही इमारत 1910 ची, मूळ प्रार्थनालय 1848 चं. लग्न मात्र वाडीत, उघड्यावर आहे. त्यामुळे हुप्पा भक्कम हवा.

हुप्पा म्हणजे चार खांब आणि वर कापड. बाजू चारही मोकळ्या. खाली नवरा-नवरी, दोघांचे आईवडील, हझान आणि एक छोटा टेबल. सहा फुटांत गर्दी होते, सात फूट बरे.

साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. दोन पन्हे जोडले की शिलाई जाऊन सात फूट सहज निघतात. सहावारी सुती साडीतून अठ्ठ्याऐंशी इंचांचे दोन तुकडे काढायचे. उरलेलं वारभर कापड कोपऱ्यांच्या ठिगळांना लागतं. वरून घरातल्या जुन्या लुगड्यांचे काठ, गोधडीच्या धावदोऱ्यानं. आजीच्या नऊवारीचा काठ, आत्याच्या इरकलीचा पदर. गोधडीसारखे थर मात्र चढवायचे नाहीत, कापड जड होऊन मध्ये पोट सुटतं. जरीचे काठ कडेला, मध्ये फक्त मलमल आणि घाण्याचं चित्र. जुनी जरी सुईनं फाटते, तिच्या मागे आधी मलमलीची पट्टी टाचून घ्यावी.

[दृश्य : कापड उलटं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत शिवलेली फुली.]

ही खालची फुली एक इंची निवारीची. ताण कापडावर येत नाही, निवारीवर येतो. कोपऱ्यात कॅनव्हासचा त्रिकोण आणि त्यात पितळी आयलेट. नुसत्या साडीला आयलेट मारलं, तर पहिल्याच झुळकीत निघून येतं.

खांब बांबूचे, दहा फुटी, नीट वाळलेले. ओला बांबू उन्हात तडकतो. वाडीत जमीन पुळणीची असल्यानं पहारीनं दोन फूट खड्डा घेऊन दगड ठेचून बसवायचे. तरी दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला, की कापडाचं शीड होतं. म्हणून प्रत्येक खांबाला बाहेरच्या बाजूनं काथ्याची दोरी आणि खुंटी. हॉलमध्ये खड्डा खणता येत नाही, तिथे रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात काँक्रीट ओतून खांब उभे करतात. चार नातेवाइकांनी खांब हातात धरणं हीसुद्धा जुनी पद्धत आहे. पण वीस मिनिटांत हात थरथरतात, बदली माणसं शेजारीच उभी हवीत.

दिशेचाही विचार लागतो. जेरुसलेम इथून पश्चिम-वायव्येला, म्हणजे तोंड समुद्राकडे. डिसेंबरातल्या संध्याकाळी ऊन डावीकडून डोळ्यांत येतं. हुप्पा माडांच्या रांगेमागे धरला, तो त्यासाठी.

[दृश्य : परात. पोहे, खोबरं, वर फळं आणि गुलाब.]

मालीदा. एलियाहू हनबी या प्रेषिताचं स्मरण करून वाटला जाणारा हा प्रसाद बेने इस्राएलांची ओळख आहे आणि तो कुठल्याही ऑनलाइन दुकानात मिळत नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरची खूण एलियाहूच्या रथाची म्हणून दाखवतात. लग्नाआधी मालीदा झालाच पाहिजे.

पन्नास माणसांना दोन किलो पोहे, सात-आठ नारळ, एक किलो साखर, वेलची, जायफळ, बेदाणे, बदाम, पिस्ते. पोहे भिजवायचे नाहीत, फक्त धुऊन चाळणीत निथळायचे. खोबऱ्याला आणि साखरेला स्वतःचं पाणी सुटतं, ते धरूनच हिशेब करायचा. आधीच भिजवले तर तासाभरात गोळा होतो. खोबरं शेवटी घालायचं, उन्हात ते सगळ्यात आधी आंबतं. वर पाच तऱ्हेची फळं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळ दुसऱ्यात मोडतं, त्यामुळे खजूर आणि केळी वेगळ्या बाजूंना मांडल्या आहेत.

[दृश्य : काळ्या मनुका कुस्करणारा हात. तांबूस पाणी गाळलं जातं.]

किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, मनुकांचं शरबत. पाव किलो काळ्या मनुका, लिटरभर पाणी, रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळायचं. गाळल्यावर थेट फ्रिजमध्ये. बाहेर राहिलं तर फेस धरतं आणि आंबट होतं.

जेवणात मटण आहे, म्हणून ज्यू आहारनियमानुसार दूध-दही नाही. मठ्ठ्याऐवजी सोलकढी आणि गोडाला नारळाच्या दुधातला हलवा. कोळंबी, खेकडा नाही. केटररला हे लेखी द्यावं, तोंडी सांगितलेलं विसरतात आणि भातात तूप पडतं.

[दृश्य : मेंदी. हिरवा चुडा. फुलांचा सेहरा ओवणारी बोटं.]

सेहऱ्याला मोगरा सुचतो, पण थंडीत तो कमी आणि महाग. कुंद आणि पांढरी शेवंती घेतली. ओवून झाला की ओल्या मलमलीत गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर फुलं तपकिरी पडतात.

[दृश्य : मंगळवार. दुपार. पांढरी साडी. नवरा हुप्प्याखाली, वळून पाहतो.]

मंगळवार निवडला, कारण तो ज्यू आठवड्याचा तिसरा दिवस आणि बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवशी 'चांगलं आहे' हे दोनदा येतं. नवरी येताना नवरा 'योनाती' गातो.

[निवेदन थांबतं. फक्त गाणं.]

[दृश्य : टेबलावर केतुबा. घड्याळ. सह्या.]

इथे घाई आहे आणि ती खरी आहे. ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. केतुब्यावर आजची तारीख आहे, सह्या सूर्यास्तानंतर झाल्या तर तारीख मागची ठरते आणि दस्तऐवजावर प्रश्न येतो. म्हणून पत्रिकेत साडेतीन आणि मेकअपवाल्या ताईंना अडीच सांगितलेले. कोफचा पाय भरला.

[दृश्य : अंगठी, उजव्या हाताची तर्जनी. मग कापडी पिशवी जमिनीवर.]

अंगठी साधी, खड्याविना, नवऱ्याच्या मालकीची.

पेला पातळ काचेचा. टपरीवरचा चहाचा ग्लास टाचेखाली फुटत नाही, निसटतो. पिशवी दुहेरी कॅनव्हासची, तोंड शिवून बंद केलेली, काच बाहेर येऊ नये म्हणून. खाली प्लायवूडचा तुकडा, कारण पुळणीत पेला नुसता रुततो. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची ही आठवण.

[दृश्य : जल्लोष. वरून वाडी.]

समाजातले बहुतेक लोक 1948 नंतर इस्राएलला गेले. तिथे बेने इस्राएलांच्या लग्नांवर घेतलेले आक्षेप 1964 मध्ये मिटले. महाराष्ट्रात ज्यूंना 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला. विवाहनोंदणी वेगळी करावी लागते.

[दृश्य : हुप्पा उतरवतात. केतुबा गुंडाळला जातो.]

हुप्प्याचं कापड धुऊन, पूर्ण वाळवून, घडीऐवजी गुंडाळी करून ठेवायचं. घडीवर जरी मोडते. केतुबा लॅमिनेट करायचा नाही. उष्णतेनं रंग उडतो आणि हातकागद पुन्हा सुटा होत नाही. फ्रेम करायची तर काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी हवी, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. केतुबा नवरीच्या मालकीचा, तो तिच्या ताब्यात राहतो. हरवला तर नवा लिहून घ्यावा लागतो.