माती बदलली, थांबा

(दृश्य: जुनापाणी. गवतात गोलाकार बसवलेले काळे दगड.)

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की शहर विरळ होता होता जुनापाणी येतं. इथं मोठमोठे दगड गोल मांडून ठेवलेत. अशी वर्तुळं तीनशेच्या आसपास आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या माणसांची ही दफनं.

रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात यातली काही खणली. दगडांवरचे वाटीसारखे खळगेही त्यानं हेरले. 1879 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याचा लेख छापून आला. त्या काळी खणायचं ते वस्तूसाठी. ती कुठल्या मातीत पडली होती, याची काटेकोर नोंद ठेवायची शिस्त आपल्याकडे रुजली ती 1944 नंतर. त्या वर्षी मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला त्यांनी तरुण अभ्यासकांना थेट खड्ड्यात उतरवून शिकवलं.

(दृश्य: दोऱ्यांनी आखलेले चौकोन. एक मजूर बाई खुरपीनं माती खरवडते आहे.)

पद्धत ऐकायला सोपी आहे. जमिनीवर चौकोन आखायचे आणि दोन चौकोनांच्या मधे न खणलेली मातीची भिंत उभी ठेवायची. तिला सगळे बल्कच म्हणतात. चौकोन खाली जात राहतो आणि बल्कच्या उभ्या अंगावर थर दिसत राहतात. थरांचे आकडे वरून खाली मोजायचे. सर्वांत वरचा एक, त्याखालचा दोन. आकडा वाढेल तसा काळ मागे जातो.

पण एक थर संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे ठरवायचं कसं? रंगावरून, पोतावरून, राखेवरून, चुनखडीच्या खड्यांवरून. आणि हातावरून. मुरलेली मजूर बाई खुरपी थांबवते आणि म्हणते, “मॅडम, माती बदलली.” मॅडमना तो फरक दिसायला अजून वेळ असतो. रजिस्टरमध्ये मात्र नाव मॅडमचं लागतं. ते आमच्या मते बदलायला हवं.

विदर्भातली काळी माती इथं चांगलीच छळते. ओली झाली की फुगते, उन्हात आकसते आणि तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. वरच्या थरातला मणी भेगेतून घरंगळत खाली जातो आणि शेकडो वर्षं जुन्या थरात जाऊन बसतो. म्हणून मणी सापडल्यावर आधी आजूबाजूची माती बघायची. भेग होती का? उंदराचं बीळ? झाडाचं मूळ? तसं काही असेल तर ते मण्याच्याच नोंदीत लिहायचं. शिवाय नागपूरचं ऊन. मार्चनंतर सेक्शन, म्हणजे बल्कची ती उभी बाजू, तासाभरात सुकून सगळा एकाच करड्या रंगाचा दिसायला लागतो. मग त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा, की थर पुन्हा उमटतात. तेवढ्यात खुरपीच्या टोकानं रेषा ओढून घ्यायची.

खड्ड्यांचं प्रकरण तर आणखी किचकट. समजा, तिसऱ्या थरावर राहणाऱ्या कुणी धान्य साठवायला खड्डा खणला आणि तो पाचव्या थरापर्यंत गेला. त्यातली खापरं आज पाचव्या थराच्या खोलीवर मिळतील, पण ती माणसं तिसऱ्या थराची. नुसती टेपनं खोली मोजली तर फसगत ठरलेली. खड्ड्याचं तोंड कुठल्या थरातून उघडतं, तेच शोधायचं.

(दृश्य: एका शिलावर्तुळाचे चार भाग, समोरासमोरचे दोन खणलेले.)

शिलावर्तुळाचे चार भाग करतात आणि समोरासमोरचे दोन आधी खणतात, म्हणजे भराव दोन्ही दिशांनी कापलेला दिसतो. दगडगोटे, मुरूम, चिकण काळी माती. हा भराव माणसांनी मुद्दाम टाकलेला. वस्तीचं तसं नसतं. बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाटला वस्ती सापडली आणि खाप्याला वर्तुळं. वर्तुळातली हातभर माती एका दुपारीही पडलेली असू शकते, वस्तीतल्या तेवढ्याच मातीत दोन-तीन पिढ्या असू शकतात. जाडीवरून वय काढणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

माहूरझरीला 1970 ते 72 या काळात नागपूर विद्यापीठानं शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. तिथं घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. ते घोड्याच्या अवशेषांजवळ होते, म्हणून घोड्याचे. हेच पत्रे बाजारात मिळाले असते तर आपण त्यांना काय म्हटलं असतं, कोण जाणे. पेंच नदीकाठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. भट्टी म्हणजे तरी काय? भाजलेली माती आणि लोहमळी, म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ. कशाला लागून काय होतं, हे टिपल्यामुळे ती भट्टी ठरली.

(दृश्य: कापडी पिशव्या, लेबलं, आलेखाच्या कागदावरचं रेखाटन.)

खापरं थरानुसार वेगळ्या पिशव्यांत जातात. प्रत्येक पिशवीत लेबल: जागा, चौकोन, थर, खोली, तारीख. एक आत, एक बाहेर, कारण बाहेरचं पावसात पुसलं जातं. कोळसा हातानं उचलायचा नाही, स्वच्छ अवजारानं उचलून फॉइलमध्ये गुंडाळायचा. कार्बन चाचणी त्या लाकडाचं वय सांगते. ते ज्या चुलीत जळलं, तिचं वय सांगायला थराचा आकडा लागतो.

शेतात नांगराला असं काही लागलं तर? 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला. किती खोल आणि कसल्या मातीत, हे तो कायदा विचारत नाही. अर्जात तेही लिहा. आणि वस्तू धुऊ नका.