फेटा गेममधला, पैसे खरे

नमस्कार श्रोतेहो. पोरगं सारखं गेम खेळतंय म्हणून घरोघरी आरडाओरडा चालतो. पण गेममधल्या पात्रांच्या टोप्या-कपडे करून विकणारे पुष्कळदा खेळाडूच असतात.

एक किस्सा ऐकाच. टीम फोर्ट्रेस 2 हा 2007 चा गेम. त्यासाठी वस्तू बनवायची स्पर्धा झाली. विजेत्यांनी काय बनवावं? दूधवाल्याची टोपी, आणि शत्रूला बडवायला वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा! आपल्याकडे मासा हाती आला की आधी कढई चढते, ते सोडा. 30 सप्टेंबर 2010 ला गेममध्ये दुकान उघडलं. विक्रीतला 25 टक्के वाटा बनवणाऱ्याचा. दोन आठवड्यांचा हिशेब झाला. माणसं 5. प्रत्येकाला 39,000 ते 47,000 डॉलर! पाच जणांत मिळून नव्हे, प्रत्येकाला. तेव्हाच्या भावानं सतरा लाखांच्या वर. दोन आठवड्यांत, टोपी आणि माशावर!

आता समजा, रोब्लॉक्ससाठी, म्हणजे पुष्कळ गेम एकाच ठिकाणी खेळायला मिळतात त्या ऑनलाइन व्यासपीठासाठी, कोल्हापुरी फेटा करायचाय. ब्लेंडर हे त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येक पीळ कोरत बसलात की आकार ज्यांचा बनतो ते त्रिकोण वाढतात, आणि मर्यादा 4,000 ची. पुन्हा सांगतो, 4,000 त्रिकोण. मोठे पीळ कोरा, बारीक चुण्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे आकारावर चढवायच्या चित्रात, रंगवा. ते 1024 बाय 1024 पिक्सेलच्या आत. शेमल्यासकट सगळा फेटा एकच मेश, म्हणजे त्रिकोणांची एकच जाळी, हवा. फाइल काढण्याआधी स्केल अप्लाय करा, म्हणजे बदललेलं माप पक्कं करा, नाहीतर फेटा पात्राहून मोठा होतो किंवा दिसतच नाही. कापड आरपार दिसलं तर नॉर्मल्स, म्हणजे बाहेरची बाजू कुठली ते सांगणाऱ्या दिशा, उलट्या झाल्यात.

दुसऱ्याचा लोगो, सिनेमातला हिरो नको. रोब्लॉक्सवाले अशी वस्तू काढून टाकतात. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानला दाखवली, तेव्हा सगळं कोल्हापूर पेटलं. रास्तच होतं. पण गेममधल्या पात्राच्या पायात ती घालायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

पैशांचं नीट ऐका. रोबक्स हे रोब्लॉक्समधलं चलन. 30,000 रोबक्स झाल्याशिवाय त्यांचे डॉलर करता येत नाहीत. तेही कमावलेले हवेत, विकत घेतलेले चालत नाहीत. वय किमान 13. वस्तू चढवताना फी आधीच कापली जाते. म्हणून चढवण्याआधी उंच, बुटक्या, मोठ्या डोक्याच्या पात्रांवर फेटा घालून बघा. केस पिळांतून बाहेर येतात का, शेमला खांद्यात घुसतो का, ते तिथंच कळतं.