चौथं नव्हे, चारही

(दृश्य: रात्रीचा समुद्र. फक्त वाऱ्याचा आवाज.)

24 जून 1982. जावा बेटाच्या दक्षिणेला, हिंदी महासागरावर, रात्रीचे पावणेनऊ होत आलेत. लंडनहून ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं फ्लाइट 9 मुंबईचा थांबा कधीच मागे टाकून, क्वालालंपूरहून पर्थकडे चाललंय. बोइंग 747. आत 263 माणसं. उंची 37 हजार फूट.

आधी कॉकपिटच्या काचेवर ठिणग्या नाचायला लागल्या. इंजिनांच्या तोंडाशी पांढराशुभ्र उजेड. केबिनमध्ये गंधकाच्या वासाचा धूर. हवामानाच्या रडारवर मात्र काहीच नाही. मग चौथं इंजिन गेलं. पाठोपाठ दुसरं. आणि लगेच पहिलं नि तिसरं, जवळजवळ एकदमच.

इंजिनं बंद म्हणजे विमान दगडासारखं खाली, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पंख शाबूत असतात; घारीसारखं ते तरंगत उतरतं. या 747 चा हिशेब साधा होता: एक किलोमीटर खाली येताना पंधरा किलोमीटर पुढे. म्हणजे हातात साधारण 23 मिनिटं आणि 169 किलोमीटर. टाक्यांमध्ये इंधन आहे, पण आता खर्चायला आहे ती फक्त उंची.

अशा वेळी वैमानिकाला शिकवलेला क्रम ठरलेला असतो. आधी विमान सांभाळ, मग कुठे जायचं ते बघ, आणि बोलणं सगळ्यात शेवटी. कॅप्टन एरिक मूडी यांनी विमान जकार्ताकडे वळवलं. फ्लाइट इंजिनिअर बॅरी टाउनली-फ्रीमन इंजिनं पुन्हा पुन्हा सुरू करून बघत होते. आणि सहवैमानिक रॉजर ग्रीव्हज यांनी रेडिओवर संकटाची हाक दिली: मेडे.

ती हाक जकार्ताच्या कंट्रोलरपर्यंत, जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या माणसापर्यंत पोचली, पण अर्थ पोचला नाही. त्याला वाटलं, चार नंबरचं इंजिन बंद पडलंय. इंग्रजीत दोन्हीकडे तोच ‘फोर’. मराठीत ‘चौथं’ आणि ‘चारही’ यांत गल्लत व्हायची नाही, पण आकाशाची भाषा मराठी नाही, आणि इंडोनेशियनही नाही. शिवाय त्या कंट्रोलरला हसू नये. एक इंजिन बंद पडणं त्याच्या ओळखीचं. चारही एकदम जातील हे कुणाच्या डोक्यात येईल? शेवटी जवळपास उडणाऱ्या गरुडा इंडोनेशियाच्या विमानाने मधे पडून तो निरोप नीट समजावला. इकडे ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, संकटाचा आकडा लावलेला होता, 7700. तरी जकार्ताच्या रडारवर विमान सापडेना.

खरं तर इंजिनं गेल्यावर कंट्रोलरने करायचं ते एवढंच: जागा शोधून द्यायची, दिशा सांगायची, बाकीची विमानं वाटेतून काढायची, आणि नको ते प्रश्न विचारायचे नाहीत. पण त्यासाठी आधी विमान दिसायला हवं.

समोर जावाचे डोंगर. ते ओलांडायला निदान साडेअकरा हजार फूट उंची हवी. मूडींनी मनाशी ठरवलं, बारा हजारांपर्यंत इंजिनं लागली नाहीत तर परत फिरायचं आणि समुद्रावर उतरायचं. रात्री, लाटांवर, 747.

मग त्यांनी प्रवाशांना सांगितलं: थोडी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडलीत, ती सुरू करायची आम्ही पराकाष्ठा करतोय, आपल्याला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.

साडेतेरा हजारांच्या आसपास चौथं इंजिन धडधडलं. मग तिसरं. मग उरलेली दोन्ही.

ते कसं झालं, हे नंतर कळलं. जावावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीची राख. कोरडी, म्हणून पाणी हेरणाऱ्या रडारला न दिसलेली. इंजिनच्या भट्टीत ती वितळून चिकटली आणि हवेची वाट बुजली. विमान राखेखाली आलं, इंजिनं गार झाली, तो थर कडक होऊन तुटला, वाट मोकळी झाली.

मूडी पुन्हा वर चढायला गेले, तर काचेवर त्याच ठिणग्या. दुसरं इंजिन धक्के द्यायला लागलं, ते बंद करावं लागलं. चढायचा विचार तिथेच सोडला.

(दृश्य: धावपट्टीचे दिवे, धुरकट काचेतून.)

जकार्ताचा हलीम विमानतळ. राखेने काच घासून घासून आंधळी झालेली, आणि उतरणीचा कोन दाखवणारी जमिनीवरची यंत्रणा नेमकी बंद. धावपट्टीची मधली रेघ सांगणारी तेवढी चालू. मग ग्रीव्हज अंतर बघून म्हणत गेले, इथे उंची इतकी हवी, आता इतकी. मूडी तसं उतरवत गेले.

चाकं टेकली. पण आवारातले फ्लडलाइट त्या घासलेल्या काचेवर पसरले आणि समोरचं काहीच दिसेना. विमान उतरलं होतं त्या जागेवरून स्वतःहून पुढे जाऊ शकलं नाही.