पहिल्या पानाच्या तळाशी

(पडद्यावर: सॅन फ्रान्सिस्को, फेडरल न्यायालयाची इमारत. ७ ऑगस्ट २०१२.)

ओरॅकल विरुद्ध गूगल. ज्युरीचा कौल मे महिन्यातच लागला होता. गूगलने अँड्रॉइडमध्ये ओरॅकलच्या जावा या संगणकभाषेचा जो भाग वापरला त्याला कॉपीराइट लागू होतो का, पेटंटचा भंग झाला का, यावर तोवर रकानेच्या रकाने लिहून झाले होते. आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी कोणाच्या ध्यानीमनी नसलेला आदेश काढला. या खटल्यावर लिहिणाऱ्या ज्या कोणा पत्रकाराला, लेखकाला, भाष्यकाराला तुम्ही पैसे दिले असतील, त्यांची नावं दोन्ही कंपन्यांनी न्यायालयापुढे ठेवावीत.

ओरॅकलने आपल्या एका सल्लागाराचं नाव दिलं. त्या गृहस्थांनी ही गोष्ट एप्रिलमध्येच आपल्या वाचकांना सांगून टाकली होती. गूगलने आधी कळवलं, आम्ही भाष्यासाठी कोणालाही पैसे दिलेले नाहीत. एवढ्यावर न्यायाधीशांचं समाधान झालं नाही. पुन्हा शोधा आणि पुन्हा लिहून द्या, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या खेपेला नावं आली. पुढे त्यावर काही कारवाई झाली नाही, प्रकरण तिथेच मिटलं.

हा खटला स्पर्धा कायद्याचा नव्हता. तरीही सुरुवात मुद्दाम इथून केली. निकाल देणारा न्यायाधीशही शेवटी वाचकच असतो, आणि आपण वाचतोय ते कोणी लिहवून घेतलंय का, हे त्याला जाणून घ्यावंसं वाटलं.

(पडद्यावर: हातातला मोबाइल. बोट पडद्यावरून सरकतंय.)

स्पर्धा कायद्यात तर हा प्रश्न पावलोपावली येतो. रस्त्यावर वेगमर्यादा ८० असेल तर ८१ला दंड. या कायद्यात असा काटा नाही. आपल्या २००२च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ सांगतं, की स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होईल असा करार करू नका. लक्षणीय म्हणजे किती? कलम ४ सांगतं, बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर करू नका. पण बाजार म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत?

हा फोन बघा. अँड्रॉइडचा आहे. शेजारच्याच्या हातात आयफोन आहे. दोघांचा बाजार एकच धरायचा, की वेगळा? ॲपल फोन चालवणारी आपली प्रणाली दुसऱ्या कोणत्याही फोन कंपनीला वापरायला देत नाही, गूगल देतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये परवान्यावर मिळणाऱ्या प्रणालींचा बाजार वेगळा धरला, ॲपलला त्याच्या बाहेर ठेवलं आणि गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गूगलचं म्हणणं होतं, ॲपलची स्पर्धा आम्हाला पदोपदी जाणवते. रेघ कुठे ओढायची यावर एवढं सगळं अवलंबून होतं. ती रेघ इथेच का, तिथे का नाही, याची कारणं अर्थतज्ज्ञांच्या आणि कायद्याच्या अभ्यासकांच्या लेखांत आधी मांडली जातात. मग ती वकिलांच्या युक्तिवादात येतात, आणि कधी कधी थेट निकालपत्रात.

अमेरिकी कायदेपंडित रॉबर्ट बोर्क यांचंच पाहा. अमेरिकेतल्या एकाधिकारविरोधी कायद्यावर, म्हणजे तिथल्या स्पर्धा कायद्यावर, त्यांचं पुस्तक १९७८मध्ये आलं. ग्राहकाचं हित हाच या कायद्याचा हेतू, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पुस्तकाचा हवाला देत तसंच म्हटलं. एका लेखकाचं मत एका वर्षात देशाच्या कायद्याचं वाक्य झालं. १९९८च्या सुमारास मायक्रोसॉफ्टवर कारवाई व्हावी म्हणून बोर्क यांनी हिरिरीने बाजू मांडली, तेव्हा ते मायक्रोसॉफ्टची प्रतिस्पर्धी नेटस्केप हिच्यासाठी काम करत होते. २०१२मध्ये ग्रेगरी सिडॅक यांच्यासोबत त्यांनी एक लेख लिहिला: गूगलच्या शोधसेवेवर या कायद्याखाली कारवाई करायला आधार नाही.

(पडद्यावर: छापील पान. कॅमेरा शीर्षकावरून लेखकांच्या नावांकडे, तिथून खाली सरकतो.)

अशा लेखांत लेखकाच्या नावापुढे बारीक चांदणी असते. तिच्या मागोमाग पानाच्या तळाशी यायचं. अक्षर इतकं लहान की चष्मा पुसून घ्यावा लागतो. बोर्क आणि सिडॅक यांनी सांगितलं होतं, की हा लेख गूगलने लिहवून घेतला आहे, मतं मात्र आमची आहेत. हे कळल्यावर लेख फेकून द्यायचा? मी तर तो अधिक लक्ष देऊन वाचला. कोणतं उदाहरण घेतलंय, कोणतं वगळलंय, विरोधी मुद्द्याला किती ओळी दिल्यात, हे तपासत वाचला. त्या एका ओळीने मला वाचायचं कसं ते सांगितलं.

न्यायालयंही ही ओळ वाचतात. १९८९मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन कंपनीचं तेलवाहू जहाज खडकावर आदळलं, समुद्रात तेल पसरलं. दंडात्मक भरपाईचा वाद २००८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. ज्युरी अशी भरपाई ठरवताना किती बेभरवशाच्या असतात, यावर बरंच संशोधन झालेलं होतं. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी १७ क्रमांकाच्या तळटीपेत लिहिलं, या संशोधनाला काही अंशी एक्सॉनने पैसा पुरवला आहे, म्हणून आम्ही त्यावर विसंबत नाही. संशोधन खोटं आहे, असं ते म्हणाले नाहीत.

आता एक गुंतागुंतीची गोष्ट. जुलै २०१७मध्ये अमेरिकेतल्या कॅम्पेन फॉर अकाउंटेबिलिटी या संस्थेने अहवाल काढला. २००५ ते २०१७ या काळातले ३२९ शोधनिबंध गूगलच्या पैशाशी जोडलेले आहेत, आणि त्यांतल्या ६६ टक्क्यांत तसा उल्लेखच नाही, असा त्यांचा दावा. आकडा जगभर गाजला. पण खोलात गेलं की दिसतं, निधी थेट मिळालेले लेखक वेगळे, आणि ज्यांच्या संस्थेला निधी मिळाला ते वेगळे. थेट निधी मिळालेल्यांत न सांगणारे २६ टक्के. गूगलचा आक्षेप याच सरमिसळीवर होता. शिवाय गूगलवरच्या या संशोधनामागे पैसा होता ओरॅकलचा, त्याच जुन्या प्रतिपक्षाचा. ओरॅकलने ते २०१६मध्येच मान्य केलं होतं, पण अहवाल हातात घेणाऱ्या किती जणांना ते ठाऊक होतं? मला हा अहवाल तरीही मोलाचा वाटतो. फक्त त्याच्या पहिल्या पानावर ओरॅकलचं नाव हवं होतं.

(पडद्यावर: वर्तमानपत्राचं संपादकीय पान. लेखाखालची तिरकी ओळ.)

आपल्याकडे लेखाखाली एक ओळ ठरलेली असते: ‘लेखकाची मते वैयक्तिक आहेत.’ ही ओळ लेखकाच्या कार्यालयाला वाचवते. वाचकाच्या हाती काही लागत नाही. आयोगाकडे कोणी तक्रार घेऊन गेलं, तर समोरच्या पक्षाशी त्याच विषयावर आपले दावे चालू आहेत का, हे त्याला लिहून द्यावं लागतं. त्याच तक्रारीवर दुसऱ्या दिवशी लेख लिहिणाऱ्याला मात्र, संपादकाने विचारलं नाही तर, कोणी विचारत नाही. मार्च २०२४मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला, सूचना मागवल्या गेल्या. अशा दिवसांत विधेयकाच्या बाजूने, विरोधात लेखांचा पाऊस पडतो, आणि ज्यांच्या व्यवसायावर ते बेतणार असतं त्यांचे वकील-सल्लागारही लिहीत असतात.

त्यांनी लिहूच नये, असं मी म्हणणार नाही. आयोगापुढे कागद कसे चालतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? काही वकील सांगतात, अशिलाचं गुपित फोडता येत नाही. खरं आहे, सल्ला काय दिला ते सांगायचंच नाही. पण सुनावणीला कोण कोणाच्या बाजूने उभं होतं, ती नावं आयोगाच्या आदेशावरच छापलेली असतात. जे आदेशात आहे, ते लेखाखाली लिहिल्याने कोणाचा विश्वासघात होतो? आणि जे नातं उघड सांगताच येत नाही, त्या प्रकरणावरचा लेख दुसऱ्याला लिहू द्यावा.

(पडद्यावर: लॅपटॉप. लेख पाठवण्याचा अर्ज, हितसंबंध सांगण्याचा शेवटचा रकाना रिकामा.)

एका कायदेविषयक नियतकालिकासाठी आलेले लेख मी काही वर्षं वाचत होतो. या रकान्यात बहुतेक जण ‘लागू नाही’ लिहून पुढे जायचे. लबाडी नसायची त्यात. आपल्याला लागू होण्यासारखं काही असू शकतं, हे मनातच यायचं नाही. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन या अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२मध्ये मोजमापच ठरवून दिलं. गेल्या ३ वर्षांत संबंधित पक्षाकडून एकूण १०,००० डॉलर किंवा अधिक मिळाले असतील, तर नाव सांगा. छापण्याआधी लेख तपासायचा हक्क कोणाला दिला असेल, तर तेही सांगा. काहीच नसेल, तर ‘काही नाही’ असं लिहा, रकाना कोरा ठेवू नका.

समजा, एक तरुण वकील सिमेंट कंपन्यांच्या संगनमतावर लेख पाठवतेय. कर्सर रिकाम्या रकान्यात लुकलुकतोय. ती टाइप करते: ‘लेखात उल्लेख असलेल्या एका कंपनीसाठी माझ्या कार्यालयाने काम केले आहे. मी स्वतः त्या कामात दोन महिने होते. या लेखासाठी कोणाकडूनही मोबदला घेतलेला नाही.’ जरा थांबते. मग आणखी एक वाक्य घालते: ‘लेखाचा मसुदा माझ्या वरिष्ठांनी वाचला असून एक परिच्छेद त्यांच्या सूचनेवरून बदलला आहे.’

आणि लेख पाठवून देते.