थोमा राहिला बाजूला

पत्रिकेत माझा विषय 'थोमाच्या शुभवर्तमानाचा काळ' असा छापलाय, म्हणजे थोमा या शिष्याच्या नावावरचा, बायबलात नसलेला येशूच्या वचनांचा ग्रंथ कधीचा, ते. त्याकडे येतोच, पण आधी लडाखच्या हेमिस मठाचं निस्तरू. बायबलबाह्य शुभवर्तमानांवर कुठेही बोला, चहाच्या वेळी कोणीतरी कोपऱ्यात गाठतंच: "सर, येशू लडाखला आला होता ना? मठात पोथी आहे म्हणे." मोबाइलवर फॉरवर्ड तयारच असतो. (हशा)

तर मंडळी, निकोलाय नोटोविच हा रशियन गृहस्थ 1887 साली लडाखला गेला. पाय मोडला, हेमिसच्या गोंपात, म्हणजे मठात, मुक्काम पडला आणि लामांनी 'संत इसा'चं, म्हणजे येशूचं, चरित्र वाचून दाखवलं, असं त्यानं 1894 मध्ये फ्रेंच पुस्तकात छापलं. येशू म्हणे सिंधमार्गे आला, जगन्नाथाला राहिला, राजगृह-काशी केली आणि शूद्रांना शिकवलं म्हणून ब्राह्मण खवळले. यात प्रत्येकाला आवडण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून तर ते मरत नाही! बरं, पुरीचं आजचं देऊळ बाराव्या शतकातलं. पहिल्या शतकात येशू कुठल्या जगन्नाथाकडे उतरला, ते नोटोविचलाच ठाऊक.

संस्कृतपंडित माक्स म्युलर यांनी त्याच वर्षी शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस थेट हेमिसला पोचले आणि दुभाष्याकरवी मुख्य लामांना पुस्तकातले उतारे ऐकवले. लामा म्हणाले, मी 42 वर्षं लामा आहे, इसाचं नाव कुठल्या ग्रंथात असल्याचं कधी ऐकलं नाही, सगळं खोटं. पाय मोडलेला युरोपियनही तिथे कोणी आला नव्हता. लेहमध्ये नोटोविचवर उपचार झाले होते खरे, पण दातदुखीवर! डॉक्टर मोरेव्हियन या ख्रिस्ती मिशनचे, नाव कार्ल मार्क्स. मी बनवत नाहीये, हे दुसरे मार्क्स. (हशा)

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, पळतो.

थोमाच्या बाबतीत निदान पोथी हातात आहे. 1945 मध्ये इजिप्तात नाग हम्मादीजवळ सापडलेली कॉप्टिक, म्हणजे जुन्या इजिप्ती भाषेतली प्रत, साधारण चौथ्या शतकातली, 114 वचनं. इजिप्तातल्याच ऑक्सिरिंखस या जुन्या शहराच्या उकिरड्यातून ग्रीक पपायरसचे तीन तुकडे त्याआधीच निघाले होते. जुन्यात जुना इ.स. 200 च्या सुमाराचा. म्हणजे ग्रंथ त्याआधीचा, एवढं पक्कं. किती आधीचा, हे भांडण. एक गट तो थेट पहिल्या शतकाच्या मध्यावर नेतो, का तर नुसती वचनं आहेत, क्रूसावरच्या मृत्यूची कथा नाही, पुनरुत्थान नाही. मला पटत नाही. सुभाषितसंग्रह कोणीही, केव्हाही करतो.

माझा भर 31व्या वचनावर. संदेष्ट्याला आपल्या गावात मान नसतो, असं बायबलातला शुभवर्तमानकार मार्क म्हणतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक, त्यानं ते बदलून 'स्वीकारला जात नाही' असं केलं, आणि थोमाच्या ग्रीक तुकड्यात नेमका लूकचा शब्द आहे. लूकचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स. 80-90 धरतात, म्हणजे थोमा त्यानंतरचा. समोरचे म्हणतात, तो शब्द नकलकारानं नंतर घुसडला. घुसडला असेलही, पण मग त्याविना असलेला 'मूळ थोमा' कुठल्या तुकड्यात आहे, ते त्यांनी सांगावं.