विम्याचा हप्ता आणि उपकेंद्रातली गोळी

मंडळी, राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली ती फक्त आठ जिल्ह्यांत, आणि त्यांत आपला धुळे जिल्हा होता. सरकार तेव्हा एका कुटुंबामागे विमा कंपनीला वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरायचं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. एप्रिल २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा फुले योजना (जीवनदायीचंच नवं नाव) एकत्र चालू लागली, हप्ता ७९७ रुपयांवर गेला. जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही आत आलं, मर्यादा पाच लाख झाली.

हा पैसा कुणाचा? आयुष्मान भारतसाठीच्या केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांवरचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. यादीबाहेरच्या कुटुंबांचा सगळा भार मात्र एकट्या राज्यावर. मर्यादा वाढवण्याची घोषणा एका दिवसात होते, पण हप्ता दरवर्षी भरावा लागतो.

तरीही हा खर्च मला जड वाटत नाही. तो आधीही होतच होता, फक्त अर्थसंकल्पात दिसत नव्हता. ऑपरेशनसाठी भाव यायच्या आधीच कापूस विकणं, बैलजोडी काढणं, घरातलं डोरलं सोनाराकडे ठेवणं, हे आपल्या प्रत्येक गावानं पाहिलंय. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ६४ टक्के २०१३-१४ साली लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये ते प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. हे केवळ विम्यामुळे झालं असं नाही. पण घरातलं ओझं तिजोरीवर सरकतंय, आणि ते सरकायलाच हवं.

माझी तक्रार वेगळी आहे. ही योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्याची. धडगावच्या डोंगरातल्या माणसाचा रक्तदाब वर्षानुवर्षं कुणी मोजत नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की मग आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस. त्याचं बिल योजना भरते, म्हणजे आपणच भरतो, तो जगेल तोवर. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र त्याच्याच माथी. रक्तदाबाची गोळी अगदी स्वस्त आहे. ती गावाजवळच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात दर महिन्याला मिळायला हवी, एवढंच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मुलांना फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया ही औषधं वेळेवर मिळाली, तर कळा येऊन भरती व्हायची वेळ कमी येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय, की दोन तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक आरोग्यसेवेला द्यावा आणि राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी.

आणखी एक. योजनेतलं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं तर दाव्याची रक्कम त्या रुग्णालयालाही मिळते. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची नवी वैद्यकीय महाविद्यालयं, इथे जितके रुग्ण योजनेतून बरे होतील तितका पैसा यंत्रं आणि औषधांच्या रूपानं इथेच राहील. त्यासाठी आधी तिथे भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं, रुग्णाला योजनेची वाट दाखवणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर माणूस हवा. मार्चमध्ये अर्थसंकल्प येईल. आपल्या आमदारांना दोन आकडे मागा: विम्याच्या हप्त्याला किती दिले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधांना किती.