दूध पांढरं, पण सडात दगडी: पॅडल टेस्ट गोठ्यात (निवेदन)

(दृश्य: सकाळचा गोठा, संकरित गाया गव्हाणीवर)

ही मधली गाय नीट बघा. खातेय, रवंथ करतेय, अंगात ताप नाही, कास मऊ, दूध पांढरंशुभ्र. मालकाला विचारलं तर म्हणेल एकदम ठणठणीत, आणि त्याचं तरी काय चुकलं, डोळ्याला दिसेल असं काही झालेलंच नाहीये. पण एका सडात जंतू शिरलेत. डॉक्टर याला सुप्त कासदाह म्हणतात, आपल्या गोठ्यात म्हणायचं तर छुपी दगडी. कास सुजली, गरम लागली, दुधात गाठी आल्या की अर्ध्या रात्री सुद्धा डॉक्टरला फोन जातो, पण ही छुपी तशीच महिनोन् महिने राहते आणि कुणाला पत्ता नसतो.

(क्लोज-अप: पॅडल)

ही छुपी दगडी शोधायला हे बघा पॅडल. प्लास्टिकचं, एक दांडा आणि चार वाट्या. चारच का, तर कासेचे चार कप्पे आतून वेगवेगळे असतात, एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही, त्यामुळे एक सड बिघडलेला आणि बाकीचे तीन झकास असं अगदी होऊ शकतं. बादलीत सगळं एकत्र झालं की मग शोधणार काय, कप्पाळ?

या घरच्या वहिनींनी सड धुऊन कोरडे पुसलेत. पहिल्या दोन-तीन धारा त्या काळ्या कपात, काळ्यावर बारीक गाठसुद्धा लगेच दिसते. आज तिथे काहीच नाही, दूध साफ. आता एकेका वाटीत एकेका सडाची धार. दांडा कायम शेपटीकडे ठेवायचा हा या घरचा नियम, नाहीतर कुठली वाटी कुठल्या सडाची यावरून नंतर नवरा-बायकोत जुंपते. पॅडल तिरकं करून जादा दूध सांडून टाकलं, वाटीत उरलं दोनेक मिली, तेवढंच हे टेस्टचं जांभळं द्रावण, आणि आता हळूहळू गोल फिरवायचं, साधारण दहा सेकंद.

(दृश्य: वाट्या, वरून)

तीन वाट्यांत पातळ, नुसतं हलतंय. चौथीत बघा. मधे गोळा होतंय, पॅडल वाकडं केलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं एकसंध ओघळतंय, रंगही जास्त गडद आलाय. जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी कासेत पाठवतं, द्रावणातला डिटर्जंट त्या पेशी फोडतो, आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याच्या तंतूंचा गुंता होऊन हे चिकट होतं. पेशी जेवढ्या जास्त तेवढं घट्ट. एका मिलीत २ लाखाच्या वर पेशी गेल्या की संशय घ्यायचाच. आणि निकाल फिरवता फिरवताच वाचायचा हं, हलका निकाल असेल तर थोड्या वेळात विरून जातो आणि आपण म्हणतो गाय चांगली आहे.

ही टेस्ट १९५७ सालची, शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी काढलेली, कॅलिफोर्नियात, म्हणून नाव कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, सगळे सीएमटी म्हणतात. द्रावण मिळत नसेल तर फैसलाबादच्या पशुवैद्यांनी चक्क कपडे धुवायच्या पावडरीवर भागवून दाखवलंय, १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम पावडर, दूध आणि हे पाणी सारख्या मापाने. म्हणजे खर्चाचं कारण सांगूच नका. फक्त नुकत्याच व्यालेल्या गाईवर करू नका, चिकातही पेशी जास्तच असतात, आटत आलेल्या गाईचंही तेच, उगाच घाबरायला होईल.

(दृश्य: संकलन केंद्र, कॅनची रांग)

इथे फॅटचं मशीन आहे, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, तोही मोजतात, डिग्री आहे, पावती निघते. पॅडल नाही. कोपऱ्यात एक ठेवलं तर किती जागा लागणार आहे? छुप्या दगडीनं दूध घटतं, एसएनएफ उतरतो, भाव कापला जातो, हयगय केली तर सडच जातो. असो.

(दृश्य: धार संपल्यावर)

आता या गाईची धार सगळ्यात शेवटी काढायची, नाहीतर हातावरून, मशीनवरून, पुसायच्या फडक्यावरून जंतू पुढच्या गाईला. धार झाली की चारही सड आयोडीनच्या कपात बुडवायचे. आणि हे बघा, वहिनींनी लगेच पुढ्यात मुरघास टाकला, कारण धारेनंतर अर्धा-पाऊण तास सडाचं तोंड उघडं असतं, गाय शेणात बसली की झालं. खात राहिली तर उभी राहते. सडात औषधाची ट्यूब सोडायची का, कुठली सोडायची, ते दूध तपासून डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्याकडची उरलेली ट्यूब आणून सोडू नका, आणि औषध चालू आहे तोवर, वर लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत, हे दूध कॅनमध्ये घालायचं नाही.